एक्सक्लुझिव्ह नणंद

मालिकेत काम मिळालं की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो आणि मग एखादी काकू विचारतेच, "एका एपिसोडचे किती देतात गं?" तुम्हाला उत्तर देता येत नाही. कारण पैसे एपिसोडचे नसतात, दिवसाचे असतात, आणि महिन्यात किती दिवस बोलावणार हे कोणी सांगितलेलं नसतं. मी पुढे जे काही लिहिणार आहे त्यातलं बरंचसं काकूच्या या प्रश्नाचंच लांबलेलं उत्तर आहे.

मी सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली आमच्याकडे ‘सीता स्वयंवर’ केलं हे शाळेतलं पोरही सांगेल. नटाचं घरभाडं कसं भागतं हे मात्र त्या नाट्यपंढरीत मला कोणी सांगितलं नाही. कॉलेजात एकांकिका, मग राज्य नाट्य स्पर्धा, मग मुंबई, असा नेहमीचाच रस्ता. आजवर मी नणंद झाले आहे, मोठी जाऊ झाले आहे, नायिकेची मैत्रीण झाले आहे. नर्स, बँकेतली बाई आणि ‘ऑफिसमधली मुलगी २’ किती वेळा झाले ते मोजत नाही. मुख्य भूमिका एकही नाही. तेव्हा नायक-नायिकांनी हे वाचून काही उपयोग नाही, त्यांची गणितं निराळी असतात. मालिकेतल्या घरात बारा माणसं असतात, त्यातली दोन फ्लेक्सवर झळकतात. उरलेल्या दहांसाठी हे लिहितेय.

ऑडिशनबद्दल फार बोलत नाही. मोबाइल आडवा धरा, मागे साधी भिंत, नाव-वय-उंची, दोन्ही प्रोफाइल, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकच सांगते. काम देण्यासाठी कोणी पैसे मागितले, मग त्याला रजिस्ट्रेशन म्हणोत, कार्डाचा खर्च म्हणोत की लूक टेस्टचं डिपॉझिट, तर तो माणूस चोर आहे. यात अपवाद नाही. काम मिळवून देणारा कोऑर्डिनेटर कमिशन घेतो, पण तुमचे पैसे आल्यावर. त्याआधी घेणारा कोऑर्डिनेटर नव्हेच. भरमसाट खर्चून केलेल्या पोर्टफोलिओवर माझा काडीचा विश्वास नाही. खिडकीच्या उजेडात, मेकअपशिवाय काढलेले चार फोटो पुरतात. कास्टिंगवाल्यांना चेहरा बघायचा असतो, फोटोग्राफरची हौस नाही.

तीच गत क्लासेसची. पुण्यातलं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स, दिल्लीचं एनएसडी म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, यांतल्या कुठे प्रवेश मिळत असेल तर डोळे मिटून जा. तिथली दोन-तीन वर्षं वाया गेली असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. पण ‘पंधरा दिवसांत कॅमेरा अ‍ॅक्टिंग, शंभर टक्के काम’ अशी पाटी दिसली तर रस्त्याच्या पलीकडून चाला. त्या क्लासमध्ये काम एकालाच मिळतं, शिकवणाऱ्याला.

आता सेट. नाटकातून आलेल्यांना पहिला धक्का आवाजाचा बसतो. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय लागलेली असते आणि इथे माइक गळ्याशी असतो. दुसरा धक्का पाठांतराचा. आठवड्याला सहा, कधी सात एपिसोड जायचे असतील आणि प्रत्येकात बावीस मिनिटांच्या आसपास मजकूर लागत असेल, तर रोज जवळपास एक एपिसोड शूट व्हायलाच हवा. लेखकाच्या घरून सीन निघतो, चॅनेलकडून मंजूर होऊन येतो आणि तुमच्या हातात पडतो तेव्हा मेकअपदादा दुसरी भुवई करत असतात. तालीम म्हणजे एडी, म्हणजे सहायक दिग्दर्शक, समोर उभा राहून वाचून घेतो तेवढीच. ‘सीन आला का?’ हे मालिकांच्या जगातलं सुप्रभात आहे. याची भीती वाटून घेऊ नका. हे जमतं, सगळ्यांना जमतं. महिनाभरात डोकं आपोआप तसं चालायला लागतं. आणि नाटकवाले मित्र ‘काय ती डेलीसोप’ म्हणून नाक मुरडतात त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. दहा मिनिटांत दीड पान पाठ करून, खऱ्या वाटणाऱ्या डोळ्यांनी म्हणायला त्यांना एकदा सांगून बघा.

क्लोजअप लागला असताना डोळ्यांची पापणी सारखी लवू न देणं, समोरच्याच्या ओव्हर शोल्डरला, म्हणजे आपल्या खांद्यावरून घेतलेल्या त्याच्या शॉटला, आपला खांदा कुठवर यायला हवा, चीट करून, म्हणजे किंचित कॅमेऱ्याकडे वळून, उभं राहायचं म्हणजे नेमकं किती वळायचं, हे मला कोणत्याही दिग्दर्शकाने शिकवलेलं नाही. त्यांना वेळच नसतो. लाइटदादांनी शिकवलं. "ताई, अर्धा पाऊल डावीकडे, सावली पडतेय." सेटवर ज्यांच्याशी आदराने वागायचं त्यांची यादी स्पॉटदादापासून सुरू होते असं माझं ठाम मत आहे, आणि ते केवळ चांगुलपणापायी नाही.

हे सगळं जमून जातं. जे जमत नाही, किंवा जमेपर्यंत बँकेत शून्य येतं, ते करारपत्र.

करारपत्र इंग्रजीत येतं, लांबलचक असतं आणि बहुधा अशा वेळी येतं की कपडे चढवलेले आहेत, पहिला शॉट लागलाय आणि प्रॉडक्शनचा मुलगा पेन पुढे करून म्हणतोय, "सगळ्यांचं सेमच आहे, सही करून टाका." माझंही तसंच आलं. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर होत्या. एक: मानधन ‘पर डे’, म्हणजे शूटच्या दिवसाचं. दोन: कलाकार ‘एक्सक्लुझिव्ह’, म्हणजे मालिका सुरू असेपर्यंत परवानगीशिवाय दुसरीकडे काम करायचं नाही. तीन: बिल दिल्यापासून नव्वद दिवसांनी पैसे. एकेक वाचलं तर यात वावगं काही दिसत नाही. तिन्ही एकत्र आल्या की काय होतं ते सांगते.

पहिले काही महिने मजेत गेले. नणंद घरात होती, वहिनीच्या चहात मीठ टाकत होती, महिन्यातले बरेच दिवस कॉल होता. मग रेटिंग घसरलं. रेटिंग गुरुवारी येतं आणि गुरुवारी दुपारी सेटवर कोणी कोणाशी नीट बोलत नाही. पुढच्या आठवड्यात ट्रॅक बदलला, नायकाची जुनी मैत्रीण आली आणि नणंदेचं लग्न होऊन ती पुण्याला गेली.

इथे नीट लक्ष द्या. नणंद मेली नाही. मेलेली नणंद बरी, ती मोकळी तरी होते. माझी नणंद पुण्याला सासरी नांदत होती, त्यामुळे भूमिका चालू, त्यामुळे करार चालू, त्यामुळे मी एक्सक्लुझिव्ह. राखीपौर्णिमेला एक दिवस बोलावलं. मंगळागौरीला दोन दिवस. मग वहिनीचं डोहाळजेवण. मधल्या काळात फोनवर बोलणारी नणंद म्हणून एकदा अर्धा दिवस. कॉल आदल्या रात्री दहाला यायचा, त्यामुळे उद्याचा दिवस माझा आहे की नाही हे आज संध्याकाळी कळायचं नाही.

त्याच सुमाराला एका व्यावसायिक नाटकात काम चालून आलं. नाटकाचं तंत्र वेगळं. शिवाजी मंदिर, गडकरी, दीनानाथ, यशवंत, या नाट्यगृहांच्या तारखा आधीपासून लागलेल्या असतात. निर्मात्याला नटाच्या शनिवार-रविवारची खात्री हवी असते. ‘नाइट’, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, ठरलेली असते आणि प्रयोग संपला की पाकीट हातात. मी प्रॉडक्शनकडे परवानगी मागितली. नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं. ते म्हणाले, "बघू, कळवतो." ते बघत राहिले आणि नाटकाने दुसरी मुलगी घेतली.

आता आकडे मांडते, माझे नाहीत, समजायला सोपे म्हणून धरलेले. समजा तुमचा दर दिवसाला ४,००० आहे आणि जूनमध्ये २० दिवस काम झालं. म्हणजे ८०,००० रुपये. त्यातून १० टक्के टीडीएस कापला, ८,००० गेले. कोऑर्डिनेटरचे १० टक्के धरा, आणखी ८,०००. राहिले ६४,०००. जूनचं बिल जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलं, तिथून नव्वद दिवस मोजले की ऑक्टोबरचा पहिला आठवडा उजाडतो. म्हणजे १ जूनला कामाला लागलेल्या माणसाला पहिला रुपया दसऱ्याच्या आगेमागे दिसणार. तोवर चार महिन्यांचं भाडं, लोकल, रिक्षा आणि घोडबंदरच्या आतल्या शूटिंगच्या बंगल्यापासून रात्री स्टेशनपर्यंत येण्याचा खर्च तुमचाच. इथवर माणूस तग धरतो, कारण ६४,००० येणार हे माहीत असतं. खरी मेख पुढे आहे. ऑक्टोबरमध्ये जूनचे पैसे येतात, नोव्हेंबरमध्ये जुलैचे. सगळं छान चाललंय असं वाटतं. पण समजा सप्टेंबरपासून तुम्हाला महिन्यातून चारच दिवस बोलावलंय. त्याचा फटका जानेवारीत बसतो, जेव्हा खात्यात १६,००० मधून कापून उरलेले १२,८०० येतात. म्हणजे तुम्ही गरीब झालात हे तुम्हाला चार महिने उशिरा कळतं. मधल्या काळात कोणी नवा फोन घेतो, कोणी शेअरिंगमधून वन रूम किचनमध्ये जातो. सेटवर नव्या नव्या आलेल्या मुलामुलींना हे सांगते तेव्हा ती मान हलवतात आणि हप्त्यावर गाडी घेतात.

मग मागायचं काय? पहिली मागणी महिन्याला किमान दिवसांची हमी. बोलावलं नाही तरी तेवढ्या दिवसांचे पैसे. खरं सांगायचं तर आपल्यासारख्यांना ती सहजी मिळत नाही. मोठ्या नावांना मिळते. तरी मागा, कारण ती नाकारताना समोरचा थोडा ओशाळतो आणि दुसरी मागणी मान्य करतो. दुसरी मागणी अशी: नाटक, जाहिरात आणि डबिंग या तीन गोष्टींना करारातच मुभा द्या, मी तारखा पंधरा दिवस आधी कळवीन. बंदी फक्त दुसऱ्या चॅनेलवरच्या मालिकेपुरती ठेवा. हे बहुतेक ठिकाणी मिळतं. मला पुढच्या दोन्ही मालिकांत मिळालं आणि कोणी ‘नाटकी’ म्हणून काढून टाकलं नाही. तिसरी: नव्वद दिवस कशापासून मोजायचे ते लिहून घ्या. बिलाच्या तारखेपासून, महिनाअखेरीपासून की प्रक्षेपणापासून? प्रक्षेपणापासून म्हणत असतील तर तिथेच थांबा. चौथी: भूमिका सलग अमुक इतके दिवस पडद्यावर नसेल तर बंदी आपोआप उठेल. हे कलम मी स्वतः एका वकील मैत्रिणीकडून लिहून घेतलं आणि मनात त्याला ‘पुण्याची नणंद’ असं नाव दिलंय. पाचवं, नोटिशीचा काळ दोन्ही बाजूंना सारखा आहे का ते बघा. त्यांनी उद्या काढायचं आणि आपण सोडायचं तर तीन महिने आधी सांगायचं, हे चालणार नाही.

हे तोंडी बोलून उपयोग नाही. तोंडी ‘हो हो, होऊन जाईल’ म्हणणारा ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, सहा महिन्यांनी दुसऱ्या मालिकेवर असतो. ईमेल करा, नाहीतर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे..." आणि सहीची प्रत मागा. लाजू नका. प्रत मागणारी मुलगी डोईजड असते हा समज मुद्दाम पसरवलेला आहे असा मला संशय आहे. रोजच्या व्हाउचरचा फोटो काढा, इन-टाइम आणि पॅकअप लिहून ठेवा. सिंटा या कलाकारांच्या संघटनेचं सदस्यत्व घ्याच; पण संघटनेकडे गेलात तरी पहिला प्रश्न ‘कागद दाखवा’ हाच असतो.

एवढं वाचून घाबरला असाल तर थोडं थांबा. मी अजून याच धंद्यात आहे आणि मला तो आवडतो. महिन्याला ठराविक पगार मिळणाऱ्या माझ्या भावाला रस्त्यात कोणी अनोळखी आजी थांबवून "वहिनीला त्रास देऊ नकोस गं बाई" असं म्हणत नाहीत.

पण काम थांबलं की आपलं सगळंच थांबतं, हे विसरू नका. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं बंद पडली ती जूनच्या अखेरीस सुरू झाली. तेव्हाही राज्य सरकारच्या नियमांनी ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर मज्जाव होता, म्हणजे मालिकेतले आजी-आजोबा एका फटक्यात घरी. ७ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. लोक म्हणाले, म्हाताऱ्यांनी घरी बसायला काय हरकत होती. हरकत एवढीच की तेही पर डे वर असतात. त्याच सप्टेंबरमध्ये आशालता वाबगावकर साताऱ्याला मालिकेच्या चित्रीकरणासाठी गेल्या असताना कोरोनाने गेल्या. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली, कित्येक युनिट्स बाडबिस्तरा घेऊन गोव्याला गेली आणि मेमध्ये गोव्यानेही दार लावलं. तेव्हापासून मी सहा महिन्यांचं भाडं बाजूला ठेवते. ते जमेपर्यंत डबिंग केलं, एका शाळेत मुलांची नाटकं बसवली, लग्नात निवेदन केलं. लाज कसली? निवेदनाचे पैसे त्याच रात्री मिळतात.

गॉडफादरविषयी लोक फार विचारतात. माझं मत पक्कं आहे: ‘मी तुला लावून देतो’ म्हणणाऱ्याच्या जवळ जाऊ नका, तो सज्जन असला तरी. सज्जन असला तर उपकाराखाली दबाल आणि सज्जन नसला तर काय ते मला लिहायला लावू नका. मीटिंग ऑफिसमध्ये, दिवसा. रात्री नऊनंतर ‘कॅरेक्टर डिस्कस करू’ असा मेसेज आला तर कॅरेक्टर कोणाचं डिस्कस व्हायचंय ते ओळखा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि सेटवर दहा माणसं तर नुसती चहाच्या टेबलापाशी असतात. ती समिती कोणाची, नंबर काय, हे पहिल्याच दिवशी विचारा. उत्तर नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मला खरा आधार मिळाला तो एका ज्येष्ठ अभिनेत्रीचा. त्यांनी कुठेही शब्द टाकला नाही. रोज जेवताना डबा पुढे सरकवायच्या आणि विचारायच्या, "मागच्या महिन्याचं बिल टाकलंस का?" गुरू असावा तर असा.

इन्स्टाग्रामचं थोडक्यात. हो, आता फॉलोअर्स विचारतात. विकत घेऊ नका. कास्टिंगवाल्या पोरांना ते एका नजरेत कळतं.

कराचंही थोडक्यात. तो कापलेला टीडीएस म्हणजे बुडालेले पैसे नव्हेत. आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनपुढे तो जमा दिसतो का ते तीन-तीन महिन्यांनी बघा. कापला पण भरलाच नाही असं घडतं, आणि वेळेत बघितलं तर पाठपुरावा करता येतो. विवरणपत्र भरा, उत्पन्न कमी असेल तर परतावा येतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या खाली असेल तर जीएसटीची चिंता करू नका. ती चिंता करावी लागेल तेव्हा मला पेढे पाठवा.

राहिला दर. फोनवर विचारतात, "तुम्ही किती घेता?" आणि नव्या माणसाच्या तोंडून हमखास निघतं, "तुम्ही द्याल ते." हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. आधी उलट विचारायचं: भूमिका काय, महिन्याला साधारण किती दिवस, शूट कुठे, कन्व्हेयन्स आहे का, कपडे कोणाचे? साताऱ्यात किंवा कोल्हापुरात शूट असेल तर राहण्या-जेवणाची सोय कोणाची आणि प्रवासाचा दिवस धरणार का? छोट्या भूमिकांना ‘तीन-चार ड्रेस घरून आणा’ म्हणतात, तर धुलाई-इस्त्रीही त्यात जाते. हे सगळं कळल्यावर आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. पलीकडून "बजेट नाहीये ओ ताई" येणारच. तेव्हा आकडा खाली आणण्याआधी म्हणायचं, "बरं, मग नाटकाच्या तारखांची मुभा लिहून द्या." मागच्या वेळी मी एवढं बोलले आणि पलीकडचा मुलगा म्हणाला, "विचारून सांगतो." त्याने खरंच विचारलं. दर पाचशेने कमी झाला, शनिवार-रविवार माझे राहिले.